मेथोट्रेक्सेटचे ८ महिने: चट्टे आधी गेले, धास्ती नंतर

मी उदगीरला ब्लाऊज शिवते. सोरायसिस, म्हणजे कातडीवर चट्टे येऊन कोंडा सुटायचा आजार, ६ वर्षांपासून आहे. आधी मनानंच स्टिरॉइडचं मलम आणून लावायची. लावलं की साफ, सोडलं की दुप्पट. मागच्या दिवाळीत पाठ भरून चट्टे आले, तेव्हा लातूरच्या त्वचेच्या डॉक्टरांनी रक्त तपासून मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू केली.

आधी महत्त्वाचं सांगते. ही गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायची. माझा रविवार. तरी मेडिकलवाल्यानं पाकिटावर 'रोज १' लिहिलं होतं! चिठ्ठीशी ताडून पाहिलं म्हणून निभावलं. रोज घेतली तर रक्तातल्या पेशी घटून जिवावर बेततं. या गोळीवर गरोदर राहायचं नसतं, हेही बायांनी आधीच विचारून घ्यावं. मला सोमवारी मळमळायचं, भाकरी नको वाटायची. फॉलिक अ‍ॅसिडनं ते कमी झालं. चट्ट्यांत फरक दिसायला २ महिने गेले.

पण मला खरं सांगायचंय ते मनाचं. काळं कापड मशीनखाली घेतलं की बल्बच्या उजेडात त्यावर पांढरा कोंडा दिसायचा. ओल्या फडक्यानं पुसून मगच घडी घालायची मी. एक बाई ब्लाऊज चिमटीत धरून घेऊन गेली, पुन्हा आली नाही. हा आजार लागत नाही, आपलीच प्रतिकारशक्ती बिघडते आणि महिनाभरात बदलणारी कातडी काही दिवसांतच बदलायला लागते, हे मला पाठ होतं. त्या चिमटीपुढं एक शब्द फुटला नाही.

संक्रांतीपर्यंत हात बरेच साफ झाले, तरी मी हळदीकुंकवाला गेले नाही. रात्र रात्र डोळा लागायचा नाही. पाचव्या महिन्यात लिव्हरचा रिपोर्ट चांगला आला, डॉक्टर खूश झाले आणि मला तिथंच रडू कोसळलं. तेव्हा कुठं त्यांनी झोपेचं विचारलं. माझी तक्रार हीच आहे: लिव्हर वेळच्या वेळी तपासलं, मनाची चौकशी ५ महिन्यांनी झाली.

त्यांनी टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा, १४४१६ हा नंबर दिला. फुकट आहे, मराठीत बोलतात. पहिल्या फोनला मी नुसती रडले, त्यांनी घाई केली नाही. मग मानसोपचाराच्या ओपीडीत गेले. सासूबाई सोबत आल्या, बाहेर बाकावर बसून राहिल्या.

आता कोपरावर एक चट्टा आहे. झोप लागते. परवा गिऱ्हाईक म्हणालं, "हाताला काय झालंय ताई?" मी सांगितलं, सोरायसिस आहे, लागत नाही, आणि माप घेतलं.