इंग्रजीतला नकार: ‘अन्’ की ‘इन्’?

दोन्ही उपसर्ग शब्द उलटा करतात, पण ‘अन्’ मूळचा इंग्रजीचा आणि ‘इन्’ लॅटिनमधून आलेला. ‘अन्’ रूप बदलत नाही: अनलकी, अनपॉप्युलर, अनरिअल. ‘इन्’ मात्र पुढचं अक्षर पाहून बदलतो: इम्पॉसिबल, इल्लीगल, इर्रेग्युलर. आपल्याकडेही स्वर आला की ‘अ’चा ‘अन्’ होतो, जसं अनुचित, अनादर. हे तिन्ही उपसर्ग एकाच प्राचीन मुळातून आलेत, हे मला फार लोभस वाटतं.

क्रियापदांना लागून केलेलं काम उलटवणं ‘अन्’लाच जमतं: अनलॉक, अनटाय.

खरी फसगत ‘इन्’मध्ये आहे. पेट्रोलच्या टँकरवर ‘इन्फ्लेमेबल’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ ‘न पेटणारं’ नव्हे, तर चटकन पेटणारं! कारण इथला ‘इन्’ नकाराचा नाहीच. तो ‘आत’ या अर्थाचा दुसराच लॅटिन उपसर्ग. म्हणून ‘फ्लेमेबल’चा अर्थही तोच. मुलांना हा शब्द मुद्दाम शिकवायलाच हवा.

नवा नकार बनवायचा तर माझी पसंती ‘अन्’ला. ‘इन्’चे शब्द मात्र एकेक करून पाठच करावेत, कारण ‘अनेबल’ असूनही नाम होतं ‘इनॅबिलिटी’, आणि ‘अनईक्वल’चं ‘इनइक्वॅलिटी’.