एसक्यूलाइट: कापसाच्या एका हंगामानंतरचा अनुभव

सीतादहीची पूजा आटोपून वेचणी सुरू झाली, तेव्हापासून यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावच्या शेतकरी गटाचा काट्याचा सगळा हिशेब मी एसक्यूलाइटमध्ये ठेवत आहे. डी. रिचर्ड हिप यांनी २००० साली तयार केलेली ही डेटाबेस प्रणाली मोफत आहे, तिला सर्व्हर किंवा इंटरनेट लागत नाही आणि सारी माहिती एकाच फाइलमध्ये राहते. टेबलाला ‘माल’ आणि रकान्यांना ‘शेतकरी’, ‘वजन’, ‘भाव’ अशी मराठी नावे थेट देता येतात, याचे मला विशेष अप्रूप वाटले.

ती शिकण्यासाठी मी चाचणीची वेगळी फाइल केली आणि तिच्यावर नाना प्रकार करून पाहिले. आमच्याकडे लाईन केव्हा जाईल याचा नेम नसल्यामुळे पहिली परीक्षा तीच घेतली. नोंदींचा गट सुरू करणारी ‘बिगिन’ ही आज्ञा देऊन काही वजने भरली आणि तो गट कायम करणारी ‘कमिट’ देण्याआधीच संगणकाचा वीजपुरवठा तोडला. फाइल पुन्हा उघडली तेव्हा अर्धवट नोंदी नव्हत्या आणि आधीची प्रत्येक नोंद जशीच्या तशी होती. इन्व्हर्टर नसलेल्या कार्यालयासाठी एवढा एकच गुण मला पुरेसा वाटतो.

सर्वांत जास्त शिकवले ते आकड्यांनी. काट्यावरची पावती मराठीत लिहिली जाते, म्हणून वजनाच्या रकान्यात मुद्दाम एका गाडीचे वजन देवनागरी अंकांत टाकले. ते विनातक्रार स्वीकारले गेले, पडद्यावर व्यवस्थित दिसलेही; मात्र ‘सम’ने बेरीज मागितल्यावर त्या गाडीचे वजन शून्य धरले गेले. मूल्य कोणत्या प्रकारचे आहे हे सांगणाऱ्या ‘टाइपऑफ’ने विचारल्यावर उलगडा झाला: रकाना ‘रिअल’ म्हणजे दशांश संख्येच्या प्रकारचा असूनही ते मूल्य मजकूर म्हणून साठवले होते. शेतकऱ्याच्या चुकाऱ्याशी थेट संबंध असलेल्या हिशेबात ही ढिलाई मला अजिबात मान्य नाही. टेबल तयार करताना शेवटी ‘स्ट्रिक्ट’ लिहिले की अशी नोंद जागच्या जागी नाकारली जाते. ही सोय नोव्हेंबर २०२१ मधील ३.३७ आवृत्तीपासून उपलब्ध आहे आणि नव्या माणसाने तिच्यावाचून एकही टेबल करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारखेसाठी वेगळा प्रकार नाही. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिल्यास काम भागते. दोन टेबलांमधील संबंधांची तपासणी (एका टेबलातील नोंदीचा संदर्भ दुसऱ्यात खरोखर आहे का, हे पाहणे) सहसा मुळात बंद असते, ती प्रत्येक जोडणीच्या वेळी, म्हणजे फाइल उघडताना, ‘प्राग्मा’ या सेटिंग बदलण्याच्या आज्ञेने सुरू करावी लागते. पेनड्राइव्हवर प्रत घेताना चालू फाइल उचलून न नेता ‘बॅकअप’ ही आज्ञा वापरावी.

एकाच संगणकावर हिशेब ठेवणाऱ्या गटाला मी ही प्रणाली निःशंकपणे सुचवीन. दोन काट्यांवरून दोन संगणकांनी एकाच वेळी नोंदी करायच्या असतील तर मात्र नाही, कारण एका वेळी एकालाच लिहिता येते आणि नेटवर्कवरून सामायिक केलेली फाइल वापरण्यातला धोका तिचे निर्मातेच सांगतात.