आवळा देऊन कोहा

आमच्या विद्यापीठ ग्रंथालयात देवघेव काउंटरच्या मागे एक जुनं लोखंडी कपाट आहे. त्यावर पांढऱ्या रंगात 'राखीव' असं लिहिलं होतं. त्यातला 'व' कधीच उडाला, त्यामुळे मुलं त्याला 'राखी कपाट' म्हणतात. एखादे प्राध्यापक येऊन सांगतात, "मॅडम, हे पुस्तक या सत्रात अख्ख्या वर्गाला लागणार आहे, बाहेर देऊ नका." मग त्या पुस्तकाच्या पाठीवर लाल पट्टी चिकटते आणि ते या कपाटात जातं. वर्गात चाळीस मुलं, आपल्याकडे प्रती दोन. तीन तास वाचनकक्षात बसून वाचायचं, नाहीतर संध्याकाळी सातनंतर 'ओव्हरनाइट' न्यायचं आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला परत आणायचं. याची वही वेगळी, दंड वेगळा आणि भांडणंही वेगळी.

ही वही बंद करायची म्हणून मी ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो असं, ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर शोधायला निघाले आणि कोहा नावाच्या सॉफ्टवेअरवर येऊन थांबले. त्याला आता तीन वर्षं, म्हणजे सहा सत्रं झाली. आमच्यासारख्याच कुणा सहायक ग्रंथपालाच्या कामी यावं म्हणून हे लिहिते आहे.

आमच्या सरांची अट एकच होती, नवीन बिल नको. एका विक्रेत्याने आधीच्या सॉफ्टवेअरला 'रिझर्व्ह मॉड्यूल' जोडून द्यायचा जो आकडा सांगितला, त्यात दोन्ही प्रतींच्या चार झाल्या असत्या. इन्फ्लिबनेट या विद्यापीठ ग्रंथालयांसाठीच्या केंद्राचं सोल आणि एनआयसी या सरकारी संगणक केंद्राचं ई-ग्रंथालय ही सॉफ्टवेअर आपल्याकडे खूप ठिकाणी आहेत, पण ती ओपन सोर्स नाहीत, म्हणून ती यादीतच नव्हती. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठाने फक्त याच कामासाठी रिझर्व्हज-डायरेक्ट नावाचं सॉफ्टवेअर केलं होतं. नावाला भुलून मी त्याची कागदपत्रं वाचत बसले, पण ते जुन्या पिढीचं निघालं. फोलिओ या ओपन सोर्स प्रणालीत 'कोर्सेस' नावाचं स्वतंत्र अ‍ॅप आहे आणि कागदावर मला तेच सगळ्यात आवडलं. एकच पेपर दोन विभागांत दोन नावांनी शिकवला जातो, हे त्याला कळतं. पण फोलिओ म्हणजे डझनावारी छोट्या सेवांचं एकत्र कुटुंब. ते नांदवायला जे यंत्र आणि जो माणूस लागतो, ते दोन्ही आमच्याकडे नाहीत. एव्हरग्रीन हे आणखी एक ओपन सोर्स सॉफ्टवेअर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या सार्वजनिक ग्रंथालयांसाठी जन्मलं आणि २००६ मध्ये सुरू झालं. अभ्यासक्रमाच्या साहित्याचा विभाग त्यात २०२०च्या आसपास आला. आमच्या एका इमारतीसाठी ते म्हणजे लग्नाचं पातेलं काढून दोघांचा वरणभात लावण्यासारखं होतं.

राहिलं कोहा. न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ ग्रंथालयाने १९९९ मध्ये ते करवून घेतलं. २००० साल उजाडलं की जुनी प्रणाली बंद पडेल, अशी त्यांना धास्ती होती. 'कोहा' हा माओरी शब्द आहे, अर्थ भेट. पण ही भेट एकतर्फी नसते, घेणाऱ्यानेही आपल्या परीने परत काही द्यायचं असतं. हे सांगितल्यावर काउंटरवरचे आमचे मामा म्हणाले, "म्हणजे आवळा देऊन कोहळा काढायचा, असंच ना मॅडम?" मामांची एकतीस वर्षं त्या काउंटरवर गेली आहेत.

ते बरोबरच बोलले, फक्त आवळा दिसतो तेवढा लहान नसतो. पैसा लागला नाही. आठ जीबीचा एक जुना संगणक, त्यावर डेबियन ही मोफत कार्यप्रणाली, आणि रोज रात्री डेटाची प्रत घेऊन ठेवायची शिस्त. पण माझ्या दोन उन्हाळी सुट्ट्या त्यात गेल्या.

कोर्स रिझर्व्हज, म्हणजे राखीव पुस्तकांचा विभाग, हा कोहाचा वेगळा तुकडा नाही, आतच आहे, फक्त झोपलेला. प्रणालीच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला उठवावं लागतं. मग विभागांची यादी आणि सत्रांची यादी भरायची. त्यानंतर कोर्स तयार करायचा: नाव, क्रमांक, तुकडी, सत्र, शिकवणारे. शेवटी पुस्तकांचे बारकोड त्याला जोडायचे. एकेक स्कॅन करता येतात किंवा सगळे एका चौकटीत ओतता येतात. विद्यार्थ्याला ओपॅकवर, म्हणजे ग्रंथालयाच्या ऑनलाइन सूचीत, पेपराच्या किंवा सरांच्या नावाने यादी दिसते आणि कुठली प्रत आत आहे, कुठली बाहेर, हेही कळतं. हे सगळं ठीकठाक आहे, कुठलंही बरं सॉफ्टवेअर एवढं करेल.

मी कोहावर खूश आहे ती सत्राच्या सुरुवातीमुळे नाही, शेवटामुळे.

वहीच्या काळात पुस्तक राखीव करणं सोपं होतं, सोडवणं अशक्य. लाल पट्टी लावायला पाच सेकंद लागत. पण सत्र संपल्यावर ते पुस्तक मुळात कुठलं होतं, पाठ्यपुस्तक विभागातलं, बुक बँकेतलं, की संदर्भातलं, हे कुणाला आठवायचं? म्हणून ते कपाटातच राहायचं. डेटा भरताना आम्ही कपाट रिकामं केलं, तेव्हा त्यातून एकशे अठ्ठ्याऐंशी पुस्तकं निघाली. त्यातल्या जवळपास निम्म्यांचा अभ्यासक्रम बदलून जमाना झाला होता. एक पुस्तक ज्या सरांसाठी राखीव होतं, त्यांच्या निरोप समारंभात गुलाबजाम मी खाल्लेले होते.

कोहा इथे एक हुशारी करतं. प्रत कोर्सला जोडताना तुम्ही सांगता, की राखीव असेपर्यंत हिचा प्रकार 'तीन तास', जागा 'काउंटर कपाट'. बाकीचे रकाने कोरे सोडले तर ते आहेत तसेच राहतात. मूळ माहिती कोहा बाजूला जपून ठेवतं. सत्र संपलं की कोर्सच्या पानावरची 'चालू' ही एक खूण काढायची. त्या कोर्सची सगळी पुस्तकं आपापल्या मूळ प्रकारावर आणि मूळ जागेवर परत जातात. एखादी प्रत दोन कोर्सना जोडलेली असेल आणि दुसरा चालू असेल, तर ती राखीवच राहते. माहेरपणाला आलेली लेक जशी सासरचं आडनाव विसरत नाही, तसं कपाटात आलेलं पुस्तक आपली मूळ जागा विसरत नाही. (आमच्या घरी ही उपमा चालली नाही. लेक म्हणाली, "आई, आडनाव बदलायचंच कशाला?")

एक पथ्य मात्र पाळा. पुस्तक राखीव असताना कुणी कॅटलॉगिंगमध्ये शिरून त्याची जागा 'दुरुस्त' केली, तर सत्राअखेर कोहा आपल्याकडे जपलेली जुनीच जागा पुन्हा लावतं. आमच्या एका प्रशिक्षणार्थी मुलीने उत्साहाने तीस पुस्तकांची जागा अशी सुधारली होती. ती नोव्हेंबरात सगळी पुन्हा बिघडली. आता काउंटरवर पाटी आहे: 'लाल पट्टीला हात लावू नये.'

आता तक्रारी. पहिली तासांची. कोहाच्या देवघेव नियमांत मुदत दिवसांऐवजी तासांत ठेवता येते आणि दंडही तासावर लावता येतो. पण आमच्याकडच्या आवृत्तीला ग्रंथालय रात्री आठला बंद होतं, हे ठाऊक नाही. सुट्ट्यांची दिनदर्शिका आहे, घड्याळ नाही. संध्याकाळी सातला दिलेल्या पुस्तकाची मुदत ते बेधडक रात्री दहा लावतं. आणि 'ओव्हरनाइट' ही चाल त्याच्या नियमांत कुठेच बसत नाही. म्हणून पुस्तक देताना मुदतीची तारीख आणि वेळ हाताने घालायची, उद्या साडेदहा. तिथे एक छोटी चौकट असते, ही तारीख या बैठकीपुरती लक्षात ठेव, अशी. दर पुस्तकाला वेळ टाकायला नको म्हणून मामांनी ती टिचकावली आणि लॉगआऊट न करता घरी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊपासून साधी, पंधरा दिवसांची पुस्तकं न्यायला आलेल्या सात मुलांना त्याच दिवशी साडेदहाची मुदत लागली. दुपारी दंडाच्या मेल गेल्या. एक मुलगा हसत हसत आला, "मॅडम, नव्वद मिनिटांत एवढं जाडजूड पुस्तक? मी काय विवेकानंद आहे का?" दंड माफ केले आणि ती चौकट वापरायची नाही असं ठरलं.

दुसरी तक्रार खरं तर कोहाची नाही, आपली आहे. कोर्सला शिक्षक जोडायचा, तर तो आधी ग्रंथालयाचा सदस्य म्हणून नोंदलेला हवा. परदेशात हे साहजिक असेल. आपल्याकडे निम्मे पेपर शिकवतात तासिका तत्त्वावरचे सीएचबी प्राध्यापक. त्यांची नेमणुकीची पत्रं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात आणि पत्राशिवाय सदस्यत्व नाही. म्हणजे शिकवणारा वर्गात, पुस्तक कपाटात आणि ओपॅकवर शिक्षकाचा रकाना रिकामा. आम्ही तिथे नाव न घालता सार्वजनिक टिपेत लिहितो. कोर्स उघडल्यावर मुलांना ते नाव निदान दिसतं. त्यात २०२३-२४ पासून पदव्युत्तर वर्गांना नवं शैक्षणिक धोरण आलं, पेपरांचे क्रमांक आणि नावं सगळी पालटली. जुने कोर्स मी पुसले नाहीत, बंद करून ठेवले. त्या याद्या पुढे कामाला येतात.

तिसरी गोष्ट देवनागरीची. ज्यांच्याकडे मराठी पुस्तकं आहेत, त्यांनी हे शांतपणे वाचावं. कोहा बसवल्यावर झेब्रा नावाचा शोधयंत्राचा भाग जसा येतो, तो रोमन लिपीच्या हिशेबाने येतो. त्याची मांडणीची फाईल उघडून आयसीयूची, म्हणजे इतर लिप्या ओळखणाऱ्या भागाची, ओळ चालू करायची आणि सगळ्या नोंदींची अनुक्रमणी नव्याने बांधायची. हे केलं नाही तर मराठी शीर्षकं असून नसल्यासारखी. आम्ही पहिला महिना हे न करता काढला आणि मराठी विभागाच्या शिव्या खाल्ल्या. त्यातही 'ऱ्या' ही जोडाक्षराची तऱ्हा संगणकावर दोन प्रकारे टंकता येते. डोळ्यांना दोन्ही सारख्या, यंत्राला निराळ्या. 'दऱ्याखोऱ्या' एकाने अशी भरली, दुसऱ्याने तशी. जुन्या फॉन्टमधला डेटा तर वेगळंच प्रकरण. युनिकोड नसलेल्या त्या नोंदी कोहात आल्या तेव्हा रोमन अक्षरांची भेळ झाली होती. अभ्यासक्रमाला लागलेल्या मराठी पुस्तकांच्या नोंदी मी सरळ हाताने पुन्हा लिहिल्या.

स्कॅन केलेल्या प्रकरणांचं काय, हे प्राध्यापक हमखास विचारतात. कोहा हे पुस्तकं आणि प्रतींचं सॉफ्टवेअर आहे, पीडीएफचं कोठार नव्हे. आम्ही ती डीस्पेस या डिजिटल साठ्याच्या सॉफ्टवेअरमध्ये, विद्यापीठाच्या लॉगिनमागे ठेवतो आणि कोहातल्या नोंदीच्या ८५६ क्रमांकाच्या रकान्यात दुवा देतो. कायद्याचं म्हणाल, तर दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसविरुद्ध ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस हे प्रकाशक २०१२ मध्ये कोर्टात गेले होते. सप्टेंबर २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला, शिकवण्याच्या ओघात केलेल्या प्रतींना कायद्यात मुभा आहे म्हणून. तो खटला झेरॉक्सच्या कोर्स पॅकचा होता. त्याच्या जोरावर अख्खं पुस्तक इंटरनेटवर टाकायला मी तयार नाही. एका सरांशी यावरून माझं वाजलंही आहे. हल्ली ते मला 'पोलीसबाई' म्हणतात.

एक गोष्ट मात्र अपेक्षेपेक्षा जास्त मिळाली. कोहात एसक्यूएल, म्हणजे साठवलेल्या डेटाला प्रश्न विचारायची भाषा, लिहून हवा तो अहवाल काढता येतो. मला एसक्यूएल येत नव्हतं, संगणक विभागातल्या एका मुलाने दोन चहांच्या बदल्यात शिकवलं. आता सत्राअखेर मी प्रत्येक विभागाला कागद पाठवते: तुम्ही राखीव केलेलं कुठलं पुस्तक किती वेळा गेलं. पहिल्या कागदानंतर एक मॅडम तावातावाने आल्या. त्यांच्या यादीतल्या चौदा पुस्तकांपैकी नऊ एकदाही हलली नव्हती. "अहो, मी वर्गात रोज सांगते!" पुढच्या सत्राला त्यांनी पाचच पुस्तकांची यादी दिली, आणि त्या पाचांच्या आणखी दोन-दोन प्रती घ्यायला सरांनी मंजुरी दिली. वहीच्या काळात हे कधी घडलं नसतं. वही कुणी उघडून मोजायचंच नाही.

तुमच्याकडे राखीव पुस्तकं पंचवीस-तीसच असतील, तर कोहा फक्त यासाठी बसवू नका. वही आणि लाल पट्टी बरी. पण देवघेवीला कोहा आधीच असेल आणि हा विभाग झोपलेला असेल, तर तो सुट्टीत जागा करा, सत्र सुरू झाल्यावर नको. मे आणि नोव्हेंबरात नवी आवृत्ती येते, तेव्हा लगेच उडी मारू नका, महिनाभर थांबा. आणि सांभाळणारी दोन माणसं हवीत. मी एकटीच होते. गेल्या डिसेंबरात मला डेंग्यू झाला, तेव्हा सत्र संपूनही दोन आठवडे सगळे कोर्स चालूच राहिले होते.

आता मामांना शिकवलंय. परवा त्यांनी पहिल्यांदा स्वतः अकरा कोर्स बंद केले, ट्रॉली भरून पुस्तकं मूळ जागी लावली आणि कपाटाचं दार उघडं टाकून मला बोलावलं. आत एक जुनी छत्री होती आणि वहीचे तीन खंड. छत्री कुणाची, ते अजून कळलेलं नाही.