जीआर८६चं ट्रॅक अलाइनमेंट: एका हंगामाच्या वापरानंतर

आधी अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांच्या कोनांचे, आकडे सांगतो, कारण बहुतेक जण तेवढंच शोधत येतात. पुढच्या चाकांना कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा कल; मायनस म्हणजे वरची कड आत) मायनस ३ अंश, टो (वरून पाहता चाकांची दिशा) शून्य. मागे कॅम्बर मायनस २ अंश आणि दोन्ही चाकं मिळून दीड मिलिमीटर टो-इन (चाकांची पुढची टोकं किंचित आत). कास्टर (बाजूने पाहता स्टिअरिंगच्या अक्षाचा कल) मिळाला तो, फक्त डावं-उजवं सारखं. स्प्रिंग, शॉक आणि गाडीची उंची कंपनीचीच. टायर चारही चाकांना एकाच मापाचे, २४५/४०-१७, ट्रेडवेअर २०० गटातले, म्हणजे लवकर झिजणारे पण चांगली पकड देणारे. गाडी टोयोटा जीआर८६, मॅन्युअल गिअरची. गेल्या वसंतापासून हे सेटिंग घेऊन कॅलिफोर्नियातल्या लगुना सेका आणि थंडरहिल या दोन ट्रॅकवर जातोय आणि सोमवारी सकाळी याच गाडीने फ्रीमाँटहून ऑफिसही गाठतो. तेव्हा हे मत एकाच गाडीत सगळं भागवणाऱ्याचं आहे. ज्यांची ट्रॅकची गाडी ट्रेलरवरून जाते त्यांचं गणित वेगळं.

ही गाडी शोरूममधून येते तेव्हा पुढचा कॅम्बर जवळजवळ शून्य असतो, मागचा मायनस एक-सव्वाच्या आसपास. सस्पेन्शन पुढे मॅकफर्सन स्ट्रट (चाक एका उभ्या खांबाला जोडलेलं) आहे, मागे डबल विशबोन (चाक वर-खाली वेगळ्या आर्मवर). वळणात बॉडी बाहेरच्या बाजूला कलते तेव्हा विशबोनवरचं चाक स्वतःला बऱ्यापैकी सावरून घेतं. स्ट्रटवरचं चाक मात्र बॉडीसोबतच बाहेर झुकतं आणि टायर बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो. रस्त्यावर याचा पत्ताही लागत नाही. ट्रॅकवर पहिल्याच सेशननंतर कळतं: टायरचा आतला अर्धा भाग नवाकोरा आणि बाहेरच्या कडेवरचं रबर सोललेलं. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. सामान्य चालकाची गाडी मर्यादेपलीकडे गेलीच तर आधी पुढून घसरावी, शेपूट सुटू नये, आणि टायर सगळीकडून सारखा झिजावा, एवढंच त्यांना पाहायचं असतं.

पुढे कॅम्बर वाढवायचे दोन मार्ग आहेत. स्वस्तातला म्हणजे कॅम्बर बोल्ट. स्ट्रट आणि नकल (चाक धरणारा भाग) जोडणाऱ्या दोन बोल्टांपैकी वरचा बदलून त्याजागी विकेंद्री किंवा बारीक बोल्ट टाकायचा. अंश-सव्वा अंश हाताला लागतो. नुसती चव घ्यायची असेल तर पुरे. पण कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) जोरात चाक आपटलं की तो बोल्ट किंचित सरकू शकतो, म्हणून लावल्यावर बोल्टच्या डोक्यावर रंगाची रेघ मारून ठेवा आणि दर सेशननंतर बघा. मी दुसरा मार्ग घेतला: कॅम्बर प्लेट, ज्यांच्यामुळे स्ट्रटचं वरचं टोक आत सरकवता येतं. चारेकशे डॉलर गेले. मागे कंपनीने कॅम्बरची सोयच दिलेली नाही, टोची तेवढी आहे, त्यामुळे लांबी बदलता येणारे खालचे आर्म लागले. तेही जवळपास तेवढ्याचेच. लोअरिंग स्प्रिंग मुद्दाम टाळले. गाडी खाली आली की मागचा कॅम्बर आपोआप वाढतो खरा, पण पुढच्या आर्मचा कोन बिघडतो आणि खड्ड्यावर टो बदलायला लागतो. २२८ हॉर्सपॉवरच्या गाडीला ती डोकेदुखी हवीच कशाला?

मोजमाप घरीच करतो. याला कारण आहे. इथल्या एका साखळी दुकानात आधी विचारलं होतं. पोरगा सज्जन होता, पण मशीनवर कंपनीच्या मर्यादेबाहेरचा आकडा लाल दिसतो आणि लाल आकड्याची गाडी बाहेर सोडायची त्यांना परवानगी नाही. हिरवा आकडा म्हणजे ‘कंपनीच्या पट्ट्यात’, बस. त्या पट्ट्यात टोचे दोन मिलिमीटर इकडचे तिकडे झाले तरी कागद हिरवाच. रेसिंगवाली दुकानं हवं ते करून देतात, पण त्यांची तारीख मिळेपर्यंत हंगाम सरतो.

घरी लागतं काय? डिजिटल कॅम्बर गेज, टोसाठी दोन सरळ पट्ट्या, दोन मेजरिंग टेप आणि सपाट जमीन. खरी अडचण शेवटच्या गोष्टीची. गॅरेजची फरशी पाणी वाहून जावं म्हणून उताराची असते. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर धरलं तर २६ मिलिमीटरचा फरक म्हणजे सरळ एक अंश. तेरा असेल तर अर्धा, आणि तोही एका चाकाला वाढीव, दुसऱ्याला उणा. मी व्हिनाइलच्या पातळ टाइल्स चाकांखाली रचून चारही जागा एका पातळीत आणल्या आणि फरशीवर खुणा करून ठेवल्या. चाकांखाली दोन-दोन टाइल्स, मध्ये ग्रीस, म्हणजे आकडा बदलताना टायर अडून बसत नाही.

दुसरी गोष्ट, चालकाचं वजन. माणूस बसला की गाडी त्या बाजूला थोडी बसते आणि कॅम्बर हलतो. सीटवर माझ्याऐवजी भारतीय दुकानातल्या वीस-वीस पौंडांच्या सोना मसुरीच्या पिशव्या ठेवतो. आठ पिशव्या म्हणजे बरोबर मी, हेल्मेटसकट. घरात वर्षभराचा तांदूळ आधीच भरलेला असतो म्हणून जमतं. बायको म्हणते की गाडीच्या निमित्ताने तरी किराणा वेळेवर येतो.

क्रम पाळायचा: टायरमधली हवा, मग कॅम्बर, टो सगळ्यात शेवटी, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. त्यातही आधी मागची चाकं, मग पुढची. मागची वाकडी राहिली तर स्टिअरिंग तिरकं धरून गाडी सरळ न्यावी लागते. स्टिअरिंग मधोमध नसलं की स्टॅबिलिटी कंट्रोललाही चुकीची खबर जाते, आणि सरळ चालणारी गाडी वळतेय असं समजून तो मध्येच ब्रेक लावू शकतो. टेपवर मोजताना एवढं लक्षात ठेवा: १७ इंची रिमवर १ मिलिमीटर म्हणजे साधारण ०.१३ अंश.

आता मुख्य विषय, टो. कॅम्बरवर सगळे तासन्‌तास बोलतात. गाडीचा स्वभाव मात्र टोने जास्त बदलतो आणि त्याला खर्च शून्य. सुरुवातीला पुढे अडीच मिलिमीटर टो-आउट (चाकांची पुढची टोकं बाहेर) ठेवून पाहिला. स्टिअरिंगला नुसता हात लावला की नाक आत. मजा वाटते, थंडरहिलच्या सपाट वळणांत तर फारच. पण लगुना सेकाला सुरुवातीच्या सरळ रेषेवरून चढ ओलांडला की उतारावर दुसऱ्या वळणासाठी जोरात ब्रेक मारावा लागतो. तिथे पुढची चाकं आपापल्या दिशेला ओढत होती आणि हात सतत दुरुस्त्या करत होते. ८८० फ्रीवेवर त्याहून वाईट, काँक्रीटमधली प्रत्येक खाच गाडीला बोलावून घ्यायची. शून्यावर आणल्यावर नाकाची थोडी चपळाई गेली, ब्रेकवरचा विश्वास आला. मला हा सौदा मान्य आहे.

मागच्या टोला मात्र खेळ नको. एकदा तोही शून्य करून बघितला. लगुना सेकाच्या कॉर्कस्क्रू नावाच्या उतरत्या वळणांमध्ये आठव्या वळणापासून काही क्षणांत जवळजवळ अठरा मीटर खाली उतरतो, तिथे मागचा भाग हलका होतो. पुढच्या उतरत्या डाव्या वळणात गॅस सोडला की शेपूट लगेच निघायला बघायची. दीड मिलिमीटर टो-इनने ती सवय गेली. जास्त दिला तर मागचे टायर विनाकारण तापतात आणि गाडी वळायला कुरकुरते.

कॅम्बर किती, हे टायर सांगतो. सुईवाला पायरोमीटर (टायरचं तापमान मोजायचं यंत्र) घ्या. इन्फ्रारेड बंदूक फक्त पृष्ठभाग वाचते आणि तो पिटपर्यंत येता येता थंड होतो. सेशनच्या शेवटी थंडावणारा फेरा न घेता थेट आत या आणि आत-मध्य-बाहेर तीन ठिकाणी सुई खुपसा. मूळ सेटिंगवर माझी बाहेरची कड आतल्यापेक्षा १५ अंश सेल्सिअस गरम यायची. मायनस अडीचला फरक पाचवर आला, मायनस तीनला आतली कड ६-७ अंशांनी गरम. एवढं आत गरम असलेलंच बरं, कारण सरळ रेषेत टायर आतल्या कडेवर धावत येतो. मायनस साडेतीनही लावून पाहिला: वळणात फरक जाणवला नाही, ब्रेकला एबीएस लवकर जागा व्हायला लागला. मधला भाग सगळ्यात गरम असेल तर कॅम्बरला हात लावू नका, आधी हवा कमी करा. गरम टायरला ३३-३४ पीएसआय माझ्याकडे जमतं.

दोन्ही ट्रॅक घड्याळाच्या उलट फिरतात. डावी वळणं जास्त, म्हणजे उजव्या पुढच्या टायरचे हाल. थंडरहिलचं दुसरं वळण तर संपतच नाही. उन्हाळ्यात चाळिशीपलीकडच्या गरमीत तो टायर अक्षरशः वितळतो. काही जण उजवीकडे अर्धा अंश जास्त देतात. रोज फ्रीवेवर गाडी एका बाजूला ओढत न्यायची नसेल तर चारही टायर एकाच मापाचे ठेवा आणि डावी-उजवी अदलाबदल करा. कॅम्बर आल्यावर माझे टायर आधीपेक्षा बरेच जास्त टिकायला लागले, आणि या खर्चाची खरी वसुली तिथेच झाली. फेऱ्याची वेळही उतरली, पण त्यात नव्या रुंद टायरचा वाटा किती आणि अलाइनमेंटचा किती हे वेगळं काढता येणार नाही.

रस्त्यावरचे तोटे: कॅम्बर प्लेटमध्ये रबर नाही, लोखंडी बेअरिंग आहे. स्पीडब्रेकरवर टक्‌टक्‌ ऐकू येते आणि धूळ गेली की वाढते. आतली कड थोडी लवकर झिजते, पण टो शून्य असल्याने भीती होती तेवढी नाही. पावसात पुढचा टायर लवकर तरंगतो की काय असं वाटलं होतं, तसा अनुभव आला नाही. अर्थात इथला पाऊस तो काय!

पुण्याचा एक मित्र हॅचबॅक घेऊन कोइंबतूरच्या कारी ट्रॅकला जातो. त्याने हेच आकडे मागितले. त्याची गाडी फ्रंट-व्हील ड्राइव्ह आहे, मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा), म्हणजे मागे बदलण्यासारखं फारसं काही नाही. त्याला म्हटलं, पुढे कॅम्बर बोल्ट टाक, दीड-दोन अंशांवर थांब, आणि ‘अलाइनमेंट-बॅलन्सिंग’च्या दुकानात शेजारी उभा राहून टो शून्य करून घे. घाटातून घरी परत यायचंय त्याच गाडीने.

पुढच्या हंगामात शॉक आणि स्प्रिंग बदलायचा विचार आहे. स्प्रिंग कडक झाले की बॉडी कमी कलेल, म्हणजे मायनस तीनची गरजही कमी होईल. तेव्हा सोना मसुरी पुन्हा सीटवर.