मेट्रो, बस की रिक्षा? आठ महिने फिरून झाल्यावर कोथरूडच्या आमच्या गटाचं मत

पुण्यात कोथरूडच्या म्हातोबा टेकडीवर रोज सकाळी जाणारा आमचा नऊ जणांचा गट आहे. सगळे साठीच्या पुढचे, आणि सगळ्यांच्या घरी एकच प्रश्न: गावात, म्हणजे जुन्या पेठांत, जायचं तर सोडणार कोण? मुलांना सवड नसते, स्कूटर काढायची आता भीती वाटते. मग ठरवलं, की आठ महिने जमेल तेवढं मेट्रोनं नाहीतर बसनं जायचं आणि किती वेळ लागला, किती पैसे गेले, किती चालावं लागलं ते वहीत लिहून ठेवायचं. ती वही माझ्याकडे आहे.

मेट्रो वनाझ ते गरवारे कॉलेज सुरू झाली 6 मार्च 2022 ला. तेव्हा आम्ही नातवंडांना घेऊन हौसेनं बसून आलो होतो, काम असं काही नव्हतं. खरी उपयोगाची झाली ती 29 सप्टेंबर 2024 पासून, जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा भुयारी टप्पा सुरू झाल्यावर. आता वनाझला बसायचं, जिल्हा न्यायालयाला गाडी बदलायची, मुठेच्या खालून पलीकडे जायचं आणि दुसऱ्याच स्टेशनला उतरायचं. वर आलं की मंडई! वहीत बहुतेक वेळा दारापासून मंडईपर्यंत पाऊण तास लिहिलाय, सकाळी दहाला निघा नाहीतर संध्याकाळी सहाला. बसनं जाताना पेठांत शिरलं की कधी पोचू ते गर्दीच ठरवते, त्यामुळे त्या रकान्यात पस्तीस मिनिटंही आहेत आणि सव्वा तासही.

गाडी बदलायची जागा मात्र आधी समजून घ्या. वनाझकडून येणारी गाडी वर पुलावर थांबते आणि स्वारगेटची गाडी जमिनीखाली जवळजवळ 33 मीटरवर. मध्ये सरकते जिने एकापाठोपाठ एक. आमच्यातली एक मैत्रीण पहिल्या दिवशी तिथंच थांबली. एका हातात पदर, दुसऱ्या हातात पिशवी, आणि पाऊल काही पुढे पडेना. तिथली सुरक्षारक्षक मुलगी आली, तिनं पिशवी घेतली, "आजी, माझ्याकडे बघा, पायाकडे बघू नका," म्हणाली आणि हात धरून तिला खाली घेऊन गेली. त्यानंतर महिनाभर आम्ही लिफ्टच वापरली. लिफ्टनं एकदम खाली पोचता येत नाही, मध्ये बदलावी लागते, तेवढा वेळ हाताशी ठेवा. ती मैत्रीण आता एकटी जाते आणि मंडईतून फोन करते, "आवळे आलेत, किती घेऊ?" गेली चार वर्षं ती सुनेला विचारल्याशिवाय गावात गेली नव्हती. मला मेट्रोचं मोल कळलं ते इथं.

स्टेशनवर स्वच्छतागृह असतं, ही गोष्ट तरुणांच्या लक्षातही येणार नाही. आमच्या वयात तेवढ्यासाठी बायका घराबाहेर पडायचं टाळतात, म्हणून मुद्दाम लिहिते.

बसच्या बाजूनं आमचे बँकेतून निवृत्त झालेले काका ठाम आहेत. (आम्ही सगळे अजून पीएमटीच म्हणतो. 2007 मध्ये पीएमपीएमएल झाली, तरी तोंडातलं नाव काही जात नाही.) त्यांचं म्हणणं असं, की थांबा कोपऱ्यावर आहे, जिने नाहीत, आणि सामान घेऊन स्वारगेटला एसटी पकडायची तर एकदा बसलं की झालं. ते मला पटतं. 1 जून 2025 पासून बसचं कमीत कमी तिकीट 5 चं 10 रुपये झालं आणि दिवसाचा पास 70 वर गेला, तरी एका दिवसात तीन-चार ठिकाणी जायचं असेल तर पास परवडतो. मेट्रोचं जास्तीत जास्त तिकीट 35 रुपये, शनिवार-रविवारी त्यात 30 टक्के सवलत. म्हणून मंडईची मोठी खरेदी आम्ही शनिवारी ठेवतो. रिक्षा फक्त दवाखान्यासाठी आणि रात्री उशीर झाला तर. स्टेशनपासून घरापर्यंतच्या जवळच्या अंतराला बरेच रिक्षावाले नाहीच म्हणतात.

आणि तिथंच सगळं अडतं. माझ्या घरापासून स्टेशन नऊ मिनिटांवर आहे. या नऊ मिनिटांत पदपथावर लावलेल्या दुचाक्या, निघालेले ब्लॉक, आणि एके ठिकाणी विजेची पेटी अशी बसवलीय, की रस्त्यावर उतरण्यावाचून गत्यंतर नाही. पावसाळ्यात आमच्यातले एक जण हलत्या ब्लॉकवर घसरले, मनगट मोडलं, आणि सहा आठवडे वहीत त्यांच्या नावापुढे काहीच नाही. गाडी वातानुकूलित आहे, वेळेवर येते, पण तिच्यापर्यंत पोचताना हाड मोडत असेल तर म्हातारं माणूस घरीच बसणार. नऊ जणांपैकी आठ जणांनी शेवटच्या पानावर एकच मागणी लिहिली आहे: नवी मार्गिका नंतर करा, आधी स्टेशनभोवतीचे अर्ध्या किलोमीटरचे पदपथ चालण्याजोगे करा आणि वाटेत टेकायला दोन बाकं ठेवा. नवव्यानं फक्त बाकं लिहिलंय. मनगट मोडलेले ते हेच, आणि परवा ते पुन्हा आमच्याबरोबर मंडईला आले होते.