संसद टीव्हीवरचा खासदारांचा शपथविधी : क्लिपा सोडा, अख्खा बघा

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार स्टार. एक कुठे कापला ते पुढे येईलच.

रिव्ह्यू आहे अठराव्या लोकसभेच्या शपथविधीच्या प्रक्षेपणाचा, २४ आणि २५ जून २०२४. संसद टीव्हीच्या यूट्यूबवर बघायला मिळतं, फुकट आहे, आणि सर्वात मोठा फायदा म्हणजे सभागृह चालू असताना कोणी अँकर मध्ये तोंड घालत नाही. न्यूज चॅनेलवाल्यांनी त्या दोन दिवसांचे मोजके तुकडे दाखवले, तेही ज्यात कुणीतरी घोषणा दिली तेवढेच, आणि खाली लाल पट्टी. ते बघून शपथविधी म्हणजे घोषणांची स्पर्धा असं वाटलं तर बघणाऱ्याचा दोष नाही. पण अख्खं बघितलं की कळतं, बहुतेक जण गुमान येतात, वाचतात, सही करतात आणि जागेवर जाऊन बसतात. आणि खरी मजा या गुमान येणाऱ्यांतच आहे.

सुरुवातीला थोडं बॅकग्राउंड लागतं, नाहीतर खुर्चीवर हे कोण बसलेत असा प्रश्न पडतो. नवीन लोकसभेला अजून अध्यक्षच निवडलेला नसतो, मग शपथ द्यायची कुणी? त्यासाठी राष्ट्रपती एका ज्येष्ठ सदस्याला हंगामी अध्यक्ष नेमतात, त्याला राष्ट्रपती भवनात शपथ देतात आणि मग तो बाकीच्यांना देतो. २०२४ ला हे काम भर्तृहरी महताब यांच्याकडे होतं, कटकचे, सात वेळा निवडून आलेले. काँग्रेसचं म्हणणं, आमचे कोडिकुन्निल सुरेश आठ वेळचे खासदार आहेत, मान त्यांचा. सरकारचं म्हणणं, महताब सलग सात वेळा आलेत, सुरेश यांच्या मध्ये खंड पडलाय. यावरून रुसवेफुगवे झाले आणि मदतीला नेमलेल्या पॅनेलमधल्या विरोधी पक्षाच्या तिघांनी, म्हणजे स्वतः सुरेश, द्रमुकचे टी. आर. बालू आणि तृणमूलचे सुदीप बंडोपाध्याय यांनी ते काम केलंच नाही. मग महताबांना आराम द्यायला राधामोहन सिंह आणि फग्गनसिंह कुलस्ते हे दोघेच उरले. हे माहीत असेल तर खुर्चीवरचा माणूस मध्येच का बदलतो ते समजतं.

आता मुख्य कार्यक्रम. क्रम असा की आधी पंतप्रधान, मग पॅनेलवाले, मग मंत्री, मग राज्यवार, इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने. म्हणजे अंदमान निकोबार अगदी आधी आणि पश्चिम बंगाल शेवटाकडे. आपला महाराष्ट्र मध्येच कुठेतरी, त्यामुळे मराठी ऐकायची असेल तर २५ तारखेच्या रेकॉर्डिंगवर जा. गडकरी, गोयल वगैरे मात्र मंत्री असल्यामुळे आदल्या दिवशीच उरकून गेलेत, त्यांना महाराष्ट्राच्या यादीत शोधत बसू नका.

प्रत्येकाचा नंबर आला की काय होतं ते एकदा नीट बघा, मग पुढचं सगळं आपोआप बघायला येतं. नाव पुकारलं जातं. सदस्य निवडून आल्याचं प्रमाणपत्र घेऊन महासचिवांच्या टेबलाशी येतो, तिथे हव्या त्या भाषेतला शपथेचा मजकूर मिळतो, तो हातात धरून खुर्चीकडे तोंड करून वाचायचा. वाचून झालं की अध्यक्षांशी हात मिळवायचा किंवा नमस्कार करायचा, खुर्चीच्या मागून वळसा घालून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला यायचं आणि सदस्यांच्या नोंदवहीत सही करायची. हा वळसा म्हणजे माझा सगळ्यात आवडता भाग! कॅमेऱ्याची जाण असलेला माणूस वाचताना सावध असतो, पण शपथ संपली की सुटतो, आणि मग कोण अध्यक्षांशी दोन शब्द बोलतो, कोण समोरच्या बाकावरच्या विरोधकाला हात जोडतो, कोण नुसता घाईत सही करून पळतो ते सगळं दिसतं. नवखे लोक तर उलट्या बाजूला वळतात. आणि नवखेच जास्त होते, ५४३ पैकी २८० पहिल्यांदा निवडून आलेले. पण जुन्यांचंही चुकतं बरं का, २०१९ ला राहुल गांधी शपथ घेऊन सही न करताच निघाले होते, मग राजनाथ सिंहांसकट लोकांनी आठवण करून दिली तेव्हा परत येऊन केली. सहीशिवाय काम पूर्ण होत नाही, संविधानाच्या कलम ९९ मध्येच लिहिलंय की शपथ घ्यायची आणि त्यावर सहीपण करायची.

शपथ स्वतः छोटीशीच आहे. मराठीत ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ किंवा ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’, यातलं जे पटेल ते, मग संविधानाबद्दल खरी श्रद्धा व निष्ठा, मग भारताची सार्वभौमता व एकात्मता, मग हाती घेतलेलं कर्तव्य. बस. सार्वभौमता आणि एकात्मतेचं वाक्य आधी नव्हतं, ते १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने आलं.

भाषांच्या बाबतीत प्रक्षेपण नंबर एक. इंग्रजी किंवा आठव्या अनुसूचीतल्या २२ पैकी कुठलीही भाषा चालते, त्यामुळे एका बैठकीत तमिळ, मल्याळम, असमिया, बंगाली, पंजाबी सगळं कानावर पडतं, बांसुरी स्वराज यांनी तर संस्कृतमध्ये घेतली. आणि आपल्याकडचा हायलाइट म्हणजे नीलेश लंके. अहमदनगरच्या प्रचारात त्यांच्या इंग्रजीवरून विरोधकांनी चिमटे काढले होते, पठ्ठ्याने सरळ इंग्रजीत शपथ घेतली. क्लिप सगळ्यांनी बघितलीय, पण लागोपाठ मराठी शपथा चाललेल्या असताना मध्येच ‘आय, नीलेश लंके’ ऐकायला येतं ना, तो परिणाम क्लिपमध्ये येतच नाही.

आता कापलेला स्टार. तो संसद टीव्हीचा नाही कापला, कार्यक्रमाचा कापलाय. झालंय असं की मजकूर सगळ्यांना तोच, मग आपलं वेगळेपण दाखवायला जागा उरते फक्त शपथेच्या आधी आणि नंतर. कुणी संविधानाची प्रत उंचावतो, कुणी जय संविधान, ओवैसींनी जय पॅलेस्टाइन म्हटलं, बरेलीच्या छत्रपाल गंगवारांनी जय हिंदू राष्ट्र म्हटलं, की लगेच दुसऱ्या बाजूने आरडाओरडा, की लगेच खुर्चीवरून ठरलेलं वाक्य : शपथेशिवाय काहीही रेकॉर्डवर जाणार नाही. अहो, लाइव्ह चाललंय! छापील कामकाजातून काढाल, पण अख्ख्या देशाने ऐकलं त्याचं काय? मला विचाराल तर या घोषणा त्या छापील रेकॉर्डसाठी नसतातच, मतदारसंघातल्या मोबाइलसाठी असतात, त्यामुळे रेकॉर्डवर घेणार नाही या धमकीला कोण भीक घालणार.

आणि हे काही २०२४ लाच सुरू झालं नाही. राज्यसभेत २२ जुलै २०२० ला उदयनराजेंनी शपथ झाल्यावर जय हिंद, जय महाराष्ट्र, जय भवानी, जय शिवाजी म्हटलं आणि सभापती व्यंकय्या नायडूंनी समज दिली. त्यावरून इकडे केवढं रान उठलं आठवत असेल, शेवटी नायडूंना खुलासा करावा लागला की मी शिवाजी महाराजांना मानणारा आणि भवानी मातेचा उपासक आहे. माझं मत तेव्हाही तेच आणि आताही तेच, घोषणा कुठलीही असो, आपल्या आवडीची असली तरी, शपथेला चिकटवू नये. बाहेर पायऱ्यांवर पत्रकार उभेच असतात की, तिथे द्या ना घसा फाटेपर्यंत.

याच गोंधळानंतर ओम बिर्लांनी जुलै २०२४ मध्ये अध्यक्षांच्या निर्देशांत भर घातली की शपथेच्या आधी किंवा शेवटी एक शब्दही जोडायचा नाही. चांगलं केलं, पण मोडला तर काय, हा प्रश्न राहतोच. तसं शपथेच्या बाबतीत शिक्षा एकच ठणठणीत आहे, कलम १०४ : शपथ न घेता सभागृहात बसलात किंवा मतदान केलंत तर दिवसाला ५०० रुपये. संविधान आलं तेव्हापासून आकडा तोच. तेव्हा ५०० म्हणजे मोठी रक्कम होती, आता खासदाराच्या ड्रायव्हरलाही फरक पडणार नाही. अर्थात मोठा तोटा दंडाचा नाही, मताचा आहे. २६ जूनला अध्यक्षांची निवड झाली तेव्हा काही जणांची शपथ राहिली होती आणि त्यांना त्यात भाग घेता आला नसता, हे त्या दिवशीच्या आकडेमोडीत सगळे पक्ष मोजत होते. निवड आवाजी मतदानाने झाली म्हणून निभावलं.

एक गोष्ट या रेकॉर्डिंगमध्ये मिळणार नाही. अमृतपाल सिंग आणि इंजिनिअर रशीद हे निवडून आलेले दोघे तुरुंगात होते, त्यांची शपथ ५ जुलैला झाली, पॅरोलवर आणून, आणि तीही सभागृहात नाही तर अध्यक्षांच्या दालनात. शब्द तेच, पण ना बाकं वाजली ना घोषणा. काहीही म्हणा, ते बघायला मला जास्त आवडलं असतं.

बघायचंच असेल तर माझा सल्ला : पहिल्या दिवसाचा पहिला अर्धा तास सलग बघा म्हणजे पद्धत कळेल, मंत्र्यांचा भाग भरभर पुढे ढकला, सगळे कॅमेऱ्याला सरावलेले, काही घडत नाही. मग २५ तारखेचा महाराष्ट्र न थांबता. स्पीड वाढवू नका, दीडपट केलं की तमिळ आणि मल्याळम दोन्ही सारखंच ऐकू येतं. आणि एवढा वेळ नसेल तर २८ नोव्हेंबर २०२४ चं बघा, पोटनिवडणुकीतले दोघेच, वायनाडच्या प्रियांका गांधी केरळच्या कसवू साडीत आणि नांदेडचे रवींद्र चव्हाण, वडिलांच्या निधनाने रिकाम्या झालेल्या जागेवर आलेले. चहा गार व्हायच्या आत संपतं, आणि प्रमाणपत्र, शपथ, वळसा, सही सगळं त्यात आहे.