एलईडी दिव्यांचं वायरलेस नियंत्रण: नऊ महिने वापरल्यावर

घरातले १४ एलईडी दिवे वायरलेस करून नऊ महिने झाले. पहिल्या आठवड्यात लिहायला बसले असते तर ॲप किती छान आहे तेच लिहिलं असतं. आता आठवडेच्या आठवडे ॲप उघडलं जात नाही, आणि माझ्या मते ही व्यवस्था जमली आहे ती याच अर्थाने. दिवा लावायला मोबाईल शोधावा लागत असेल तर जुनं बटण काय वाईट होतं?

सुरुवातीला आम्ही नुसते झिगबीवर (घरातली उपकरणं बिनतारी जोडणाऱ्या पद्धतीवर) चालणारे स्मार्ट बल्ब आणले होते. जुने काढले, हे लावले, तासाभरात काम झालं. दुसऱ्या दिवसापासून गॅलरीतला दिवा कधी ऐकायचा, कधी नाही. दोन आठवडे मी हबला, म्हणजे सगळ्या दिव्यांना हुकूम पाठवणाऱ्या डबीलाच, दोष देत होते. कारण निघालं ते वेगळंच. आई झोपण्याआधी सवयीने पॅसेजचं बटण बंद करायची. झिगबीमध्ये थेट विजेवर चालणारं जवळजवळ प्रत्येक उपकरण शेजारच्याचा निरोप पुढे पोचवतं. पॅसेजच्या बल्बची वीजच तोडली की गॅलरीकडे जाणारा दुवा तुटायचा. मी आईला सांगितलं, "त्या बटणाला हात लावत जाऊ नकोस." ती हो म्हणाली आणि त्याच रात्री पुन्हा बंद केलं. तेव्हा लक्षात आलं की मी चुकीची गोष्ट मागते आहे. इतकी वर्षं हात जिथे जातो तिथेच दिवा लागला पाहिजे.

म्हणून रचनाच बदलली. बल्ब काढून साधे पॅनल लाइट बसवले आणि ड्रायव्हरजवळ (एलईडीला लागेल तशी वीज पुरवणाऱ्या डबीजवळ) उजेड कमी-जास्त करणारं छोटं वायरलेस डिमर मॉड्यूल जोडलं. वायरमनने बोर्डाच्या मागे तार थेट जोडून दिली, म्हणजे मॉड्यूलला कायम वीज. जुन्या बटणाच्या जागी, त्याच उंचीवर, सेलवर चालणारं वायरलेस बटण. एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना बजावून सांगितली आहे: आता दिवा बंद दिसला तरी तारेत वीज असते, तेव्हा दुरुस्तीला हात घालण्याआधी एमसीबी पाडायचाच.

मंद प्रकाशाने सर्वात जास्त डोकं खाल्लं. दोन पॅनल १५ टक्क्यांच्या खाली आणले की थरथरायचे. मोबाईलचा कॅमेरा त्यांच्याकडे धरला की पडद्यावर काळे पट्टे सरकताना स्वच्छ दिसायचे. मॉड्यूल ठीक होतं, ड्रायव्हर त्या पद्धतीच्या डिमिंगसाठी बनलेलाच नव्हता. "डिमेबल" एवढा एकच शब्द वाचून घेऊ नका. फेज-कट, शून्य ते दहा व्होल्ट आणि डाली या तीन वेगळ्या पद्धती आहेत, आणि मॉड्यूल व ड्रायव्हर एकाच पद्धतीचे हवेत. ड्रायव्हर बदलले, थरथर गेली. आणखी एक: ५० टक्के म्हणजे डोळ्यांना निम्मा उजेड नव्हे. प्रकाश निम्म्यावर आणला तरी डोळ्यांना फारसा फरक जाणवत नाही, आणि खालच्या टोकाला एकेक टक्का ठळक दिसतो. मॉड्यूलमध्ये "लॉगॅरिदमिक" असा पर्याय होता, तो निवडल्यावर बटण दाबून धरलं की उजेड एकसारखा उतरतो. हा पर्याय नसलेलं मॉड्यूल मी पुन्हा घेणार नाही.

संध्याकाळी घरातले सगळे व्हिडिओ बघत असले की दिवे दोन-तीन सेकंद उशिरा लागायचे. झिगबी आणि बरंचसं वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. आमचं वायफाय चॅनल १ वर आणि झिगबी ११ वर. आकडे लांबचे वाटतात, पण दोन्ही पट्ट्याच्या एकाच टोकाला येतात. झिगबी २५ वर नेलं, हब राउटरच्या शेजारून उचलून चार हात दूर ठेवला, आणि उशीर थांबला. चॅनल बदलल्यावर बॅटरीवरची काही बटणं नव्याने जोडावी लागली, त्यात एक दुपार गेली. हे पहिल्याच दिवशी करून टाका.

रात्री तीन वाजता लाईट गेली आणि परत आली, तेव्हा घरातले सगळे दिवे पूर्ण उजेडात एकदम पेटले. लहान मूल दचकून उठलं. बऱ्याच मॉड्यूलमध्ये "वीज आल्यावर काय करायचं" ही सेटिंग असते, तिथे "आधी होतं तसं" निवडायचं. इंटरनेट बंद पडलं त्या दिवशी मात्र हबने निराश केलं नाही. बटणं आणि वेळापत्रक घरातल्या घरात चालत राहिलं, फक्त आवाजाने दिवे लागत नव्हते. हब घेताना हीच एक गोष्ट खोदून विचारा.

बाथरूममधला सेन्सर पीआयआर जातीचा आहे, म्हणजे तो हालचाल टिपतो, माणूस नव्हे. शांत बसलं की अंधार. बंद होण्याची वेळ एका मिनिटावरून दहावर नेली, मग तक्रार आली नाही.

विजेचा हिशेब कोणी सांगत नाही, म्हणून सांगते. दिवा बंद असतानाही मॉड्यूल जागं असतं. ते अर्धा वॅट खातं असं धरलं तर दिवसाला १२ वॅट-तास होतात, म्हणजे १२ वॅटचा पॅनल रोज एक तास जळावा इतके. १४ मॉड्यूलचे वर्षाला साधारण ६१ युनिट. हॉलमध्ये रोज पाच-सहा तास मंद उजेड वापरला तर ते भरून निघतं. अडगळीच्या खोलीत दिवसातून पाच मिनिटं दिवा लागतो, तिथे हा तोटाच. तिथलं मॉड्यूल काढून साधं बटण परत बसवलं.

पॅसेजच्या बटणाचा सेल सातव्या महिन्यात उतरला. एकदम बंद नाही पडलं, आधी दर तीन-चार दाबांमागे एक दाब गिळायला लागलं. तेव्हापासून सीआर२०३२चे दोन सेल ड्रॉवरमध्ये असतात. आई रात्री पाणी प्यायला उठली की तेच बटण दाबून धरते, दिवा पाच टक्क्यांपासून हळूहळू चढतो आणि तिला हवा तेवढा उजेड झाला की ती बोट काढते.